अंजिराच्या कुंच्या

सन दोन हजार पंचवीस, मला शहात्तरावं लागलं होतं. चैताचे दिवस. नांदेडच्या बस स्टँडवर मी मांडीवर अंजिराची बुट्टी घेऊन बसलो होतो आणि हिमायतनगरच्या गाडीची वाट बघत होतो. त्या गाडीनं माझे इवाई दत्तराव यायचे होते. माझी लेक सुमन त्यांच्या घरी दिलेली. दर साली अंजिराच्या हंगामात असंच ठरलेलं. मी देवणीहून निघायचं, त्यांनी हिमायतनगरहून, मध्ये नांदेडला गाठ घ्यायची, चहा प्यायचा, बुट्टी त्यांच्या हातात द्यायची आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. गाडी आली, रिकामी झाली, दत्तराव उतरले नाहीत. दुसरी आली, तिच्यातूनही नाहीत. माझी अंजिरं उन्हानं बसायला लागली होती आणि मी मनातल्या मनात इवायाला शिव्या घालत होतो... तेवढ्यात जावयाचा, बालाजीचा फोन आला. "आप्पा, दादा राहिले न्हाईत. तुमच्याकडंच निघाले व्हते. दारात चप्पल घालायला वाकले ते उठलेच न्हाईत."

तसाच हिमायतनगरच्या गाडीत चढलो. बुट्टी कुठं टाकावी ते सुचलं नाही, मांडीवरच राहिली. शेजारचा माणूस वास घेऊन म्हणाला, "पाव्हण्याकडं चाल्ले का? लई झकास वास सुटलाय." मी हाव म्हणालो. मातीला चाललोय असं तोंडातून निघालं नाही.

आता कुणी विचारील, लेकीचं घर असताना स्टँडवर कशाला भेटायचं? आमच्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. नातू झाला की पितात, बरेच जण पितात. माझा बाप कधीच प्याला नाही, म्हणून मीही नाही. लग्नकार्याला गेलो तर मांडवातून परत. दत्तराव चिडवायचे, "इवाई, नातवाला मिशी फुटली, आता तरी घोटभर घ्या. आमच्या हिरीला काय ईख लागलंय?" मी म्हणायचो, "मिशी त्याला फुटली, माझी हाय तिथंच हाय." त्यावर ते मोठ्यानं हसायचे. हसताना मांडीवर थाप मारायची सवय होती त्यांना. स्वतःच्या नव्हे, माझ्या.

अंजिराचं झाड माझ्या मंडळीनं लावलेलं. शिरूर अनंतपाळ तिचं माहेर, तिथून ओल्या फडक्यात गुंडाळून फाटी आणली आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढवली. ती गेली, झाड राहिलं. मी कुणाला त्याची फाटी दिली नाही. सरपंचानं मागितली, नाही दिली. सुमननं मागितली, तिलाही म्हणालो, "तुला अंजिरं मी देतो की. झाड कशाला पायजे?" पण अंजीर देणं सोपं नाही. ते पिकायला आलं की देठातून मान टाकतं, आणि ते आपल्या आधी बुलबुलाला कळतं. एक चोच मारून जातो, मग साळुंक्या येतात, राघू येतात, मुंग्या लागतात. मी पत्र्याचा डबा वाजवून बघितला, चकचकीत पट्ट्या बांधून बघितल्या. पाखरं दोन दिवस बिचकली आणि तिसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यांवर झोके घ्यायला लागली. मग मी जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी घातली आणि फळानं रंग धरायच्या आत एकेकाला पिशवी चढवायला लागलो. बुट्टीतही अंजिरं पिशवीसकट ठेवायचो, म्हणजे एकमेकांना घासत नाहीत. पुढच्या भेटीला दत्तराव त्या पिशव्या धुऊन, घडी करून आणून द्यायचे. चैतात मी कुणाच्या लग्नाला गेलो नाही. दुपारची झोप घेतली नाही. झाडाखाली बाज टाकून बसलो, गोफण उशाला. का, तर लेकीच्या दारात चोच लागलेलं फळ जाऊ नये.

एका साली दिवाळीनंतर दत्तराव सुमनला माहेरी सोडायला देवणीला आले. मी झाडाची छाटणी करत होतो. घरी उरलेल्या पिशव्या दोरीवर ओळीनं वाळत टाकलेल्या बघून म्हणाले, "ह्या काय हो, कुंच्या? इवाई, झाड हाय का बाळंतिणीची खोली?" त्या दिवसापासून आमच्या घरात पिशव्यांना कुंच्याच म्हणतात. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि छाटलेल्या फांद्या गोळा करू लागले. जाताना त्यांनी त्यातला एक भारा बांधला.

"कामून नेताय?"

"शेळीला."

"हिमायतनगरात पाला न्हाई का?"

"हाय की. पर इवायाच्या घरचा न्हाई ना."

मी हसलो. मीच सुतळी दिली भारा बांधायला.

दत्तरावांच्या मातीवरून त्यांच्या घरी परत आलो. दारात लिंबाचा पाला ठेवलेला, रीतीप्रमाणे चावला. बाकीचे पुरुष पुढं नळावर पाय धूत होते, मला म्हातारा म्हणून सुमननं मागं परसात नेलं. तोंडात लिंबाची कडू चव, डोळ्यावर ऊन... आणि समोर झाड. पान बघितल्याबरोबर ओळखलं. माणूस आपलं लेकरू चालीवरून ओळखतो तसं. माझ्या झाडाहून वर गेलेलं, भिंतीच्या पार. फळांनी लगडलेलं, आणि एकाही फळाला कुंची नाही. शेंड्यावर साळुंक्यांचं भांडण चाललं होतं. एक बुलबुल माझ्याकडं बघत बघत निवांत खात होता.

"हे कुणाचं झाड?"

सुमन तांब्या धरून उभी होती. खाली बघून म्हणाली, "आईचंच हाय, आप्पा. मामांनी शेळीला म्हणून फाट्या आणल्या व्हत्या न्हाई का..."

"कव्हा धरायला लागलं?"

"थोरला शाळेत बसला त्या साली."

थोरला आता कॉलेजात आहे. म्हणजे इतकी सालं मी देवणीत उन्हात बसून पाखरं हाकत होतो, आणि इथं लेकीच्या परसात पाखरं जेवून उरलेली अंजिरं जमिनीवर पडत होती. जावयाला ठाऊक, नातवांना ठाऊक. नातू फोनवर म्हणायचा, "आज्जा, तुमची अंजिरं कव्हा येणार?"

"मला कुणी सांगितलं न्हाई," मी म्हणालो.

"मामांनी शपथ घातली व्हती. म्हणायचे, तुझ्या बापाला कळलं तर नांदेडलाबी यायचा न्हाई. अंजिरं आपल्या दारात हायेत, ते माणूस कुठून आणायचं?"

"मग माझ्या बुट्टीचं काय करत व्हते?"

रडता रडता तिला हसू आलं. "मामा खायचे. ह्याच झाडाखाली खुर्ची टाकून. आम्हाला एक द्यायचे, बाकी एकट्यानं. म्हणायचे, इवायानं लई जपल्यात, पर जरा पानचटच हायेत... पाखरानं चाखलेली न्हाईत ना."

पानचट! आणि स्टँडवर दर साली माझ्यासमोर एक कुंची सोडायची, डोळे मिटून खायचं आणि म्हणायचं, "इवाई, साखर हाय, साखर." मातीला आलेला माणूस मी, डोळ्यांत पाणी यायचं, ते कानशिलं तापली. तोंडात लिंब होता म्हणून बरं. नाहीतर काय बोललो असतो कुणास ठाऊक.

गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच लिहावं म्हणतात. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, मला असं निवडून लिहिता येत नाही. दत्तराव दिलदार होते, हसरे होते, माझ्या लेकीला ते कधी टाकून बोलले नाहीत. हे सगळं खरं. आणि त्यांनी मला दगा दिला, हेही खरं. सुमन म्हणते तो दगा नव्हे, माया होती. असेल. पण मायेनं फसवलं म्हणून फसलेला माणूस शहाणा ठरत नाही. माझ्याजवळ लेकीला द्यायला एकच चीज होती आणि ती तिच्या परसात आधीच होती. सगळ्यांत वाईट म्हणजे भांडायला माणूस उरला नाही. चार शिव्या दिल्या असत्या, त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली असती, काहीतरी मिटलं असतं. आता पुढच्या चैतात त्या स्टँडवर कुणासाठी बसू? हिमायतनगरची गाडी येईल, रिकामी होईल...

त्या दिवशी परतीची शेवटची गाडी निघून गेली होती. ओसरीवर पडून राहिलो. शेजाऱ्यांनी आणलेली भाकरी खाल्ली. ती शेजाऱ्यांची होती, पाणीही त्यांच्याच घरून मागवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठलो. बुट्टी कोपऱ्यात तशीच होती. अंजिरं बाहेर काढून ताटात ठेवली, ती मऊ पडली होती. सगळ्या कुंच्या झटकल्या आणि परसात गेलो. झाडाखाली दत्तरावांची खुर्ची होती, एक पाय विटेवर टेकवलेली. तिच्यावर बसलो नाही. तिला बुट्टी अडकवली आणि खालच्या फांदीपासून सुरुवात केली. फळ हातात घ्यायचं, कुंची चढवायची, नाडी ओढायची. पाखरं वरून ओरडत होती. हात पुरला तिथवर बांधत गेलो. घसा पार सुकला. वर शेंड्याला अजून कितीतरी उघडी होती, आणि बुट्टीत कुंच्याही उरल्या होत्या.

सुमन मागल्या दारात येऊन कधीची उभी होती. म्हणाली, "आप्पा, शिडी आणू का?"

मी वर बघितलं. बुलबुल खातच होता.

"शिडी नको," म्हणालो. "पाणी आण."