बाबांच्या हातातलं स्टिअरिंग

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय. घरी जायची हिंमतच होत नाहीये.

बाबांच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं हलायची नाहीत. म्हणून ते वळण यायच्या आधीच फिरवायला लागायचे. जीव माझा घाबरायचा! आता तिचे पार्ट कुठेच मिळत नाहीत. म्हणून माझ्या सांगण्यावरून देवास गेटजवळच्या गॅरेजच्या मिस्त्रीने स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे झिजलेले भाग खरादवर, म्हणजे लेथ मशीनवर, नवे बनवून बसवले. म्हणाला, "दीदी, अब मक्खन चलेगी."

आज दुपारी बाबांनी गाडी काढली, मी शेजारी बसले होते. पहिल्याच वळणाला सवयीने आधीच स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी थेट केळ्यांच्या ठेल्यात. नशीब, कुणाला लागलं नाही.

"मलाच जमत नाही गं आता," एवढंच म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. बाबा, तुमचं काही चुकलं नाही, गाडी बदललीये, असं किती समजावलं! ऐकलंच नाही. स्वतःची गाडी तिथेच सोडून ऑटोने घरी गेले.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. खरं सांगा, मिस्त्रीला स्टिअरिंग परत ढिलं करायला सांगू का?