काकीच्या झाडाची मोहफुलं

नवापूरच्या बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला आमच्या गावचं पत्र्याचं प्रार्थनाघर आठवतं. एका उन्हाळ्यात मी पहाटे शेजारच्या काकीच्या झाडाखालची मोहफुलं गुपचूप वेचून आणली होती. ज्याचं झाड त्याचीच फुलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी रविवारी मी प्रार्थनाघरातल्या सभेत उभी राहिले आणि पुस्तकी मराठीत लांबलचक प्रार्थना करून साऱ्या जगाच्या पापांची क्षमा मागितली. माझ्यानंतर काकीने गुडघे टेकले आणि घरच्या बोलीत ती एवढंच म्हणाली, "देवा, माझी फुलं कोणी नेली म्हणून मी मनात त्याला शिव्या दिल्या. मला माफ कर." दुपारी भर उन्हात त्या फुलांची टोपली घेऊन मी तिच्या दारात गेले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने टोपलीतली फुलं हाताने चाळली आणि म्हणाली, "मला आता वाकवत नाही. उद्यापासून तू वेच. अर्धी तुझी, अर्धी माझी." आता सभेत माझी प्रार्थना लांबत नाही, उभं राहण्याआधी कोणाची टोपली परत करायची राहिली आहे का, तेवढं आठवून घेते.