श्वास न सोडणारे उस्ताद

उस्ताद पाण्याखाली गेले की काठावरची माणसं आधी कौतुकाने पाण्याकडे बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि शेवटी कुणीतरी त्यांच्या घरी सांगायला निघे. तेवढ्यात बावडीच्या भलत्याच कोपऱ्यात डोकं वर येई आणि शांतपणे विचारी, "कोण गेलं?"

काचीगुड्याच्या त्या पायऱ्यांच्या विहिरीला आम्ही बावडीच म्हणत असू. उस्ताद रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, पण आडनावाने त्यांना कुणी हाक मारली नाही. त्यांची पत्नीसुद्धा दारातून "उस्ताद घरी नाहीत" असंच सांगे. आसपासच्या दोन पिढ्यांना त्यांनी पोहायला शिकवलं, तेही एकाच वाक्यावर: "दम धरा मियाँ, पाणी कुठं पळून जायलं नाही."

माझ्यावर मात्र ते वाक्य वाया गेलं. शेजारच्या नारायणगुड्याहून तीन उन्हाळे मी टॉवेल घेऊन जात होतो आणि तो कोरडाच परत आणत होतो. पोहण्यावरचं एक पुस्तक मी वाचलं होतं. पायरीवर बसून त्यातलं इतरांना सांगत असे. म्हणून उस्ताद मला पंडित म्हणत. पुढे मी ग्रंथपाल झालो तेव्हा ते मनापासून म्हणाले, बरं झालं, कोरडी नोकरी मिळाली.

मग शहराला नवे दिवस आले. बावडी बुजवून तिच्यावर चार मजली इमारत उठली, तळमजल्यावर संगणकाचे वर्ग सुरू झाले. उस्तादांनी तक्रार केली नाही. तरणतलावावर ते एकदा जाऊन आले. औषधाचा वास येतो आणि शिट्टी वाजवून बाहेर काढतात, एवढंच सांगितलं. त्यानंतर सहा वर्षं ते पाण्यात उतरले नाहीत. त्या इमारतीसमोरून जाताना मात्र त्यांची चाल मंद होई.

त्यांची मुलगी सुनंदा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. कंपनीने घरच्या माणसांसह गोव्याची सहल काढली. त्यात एक दिवस भाड्याच्या बोटीने जाऊन समुद्राखाली उतरायचं होतं. उस्तादांच्या पत्नीने बोटीचं नाव ऐकताच आपली जागा मला देऊन टाकली. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी वाचनालयातून दोन पुस्तकं काढली.

बोटीवर मी सगळ्यांना कानातल्या दाबाविषयी सांगितलं आणि मग कठड्यावरून नाश्ता समुद्राला दिला. प्रशिक्षक तरुण पोरगा होता. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि नियम एकच: श्वास रोखायचा नाही. रोखून वर आलात तर फुफ्फुस फाटेल. शिडीपाशी धरून, पाण्यात तोंड बुडवून, त्याने प्रत्येकाची परीक्षा घेतली. भीतीने मी इतक्या भराभर धापा टाकत होतो की त्याने मला शाबासकी दिली. पाण्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

उस्तादांचं तोंड पाण्यात गेलं आणि एकही बुडबुडा आला नाही. एक मिनिट झालं, दोन झाली. पोराने घाबरून त्यांना ओढून वर काढलं. तीनदा असंच झालं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, अंकल, आप बोट पे बैठो.

उस्ताद बाकावर बसले. पायांवरून पाणी निथळत होतं, ते त्याकडे बघत राहिले. मला मात्र संधी दिसली. मी उदारपणे म्हणालो, उस्ताद, तुम्हाला सोडून मी कसा जाऊ? मीही थांबतो.

"माझ्यासाठी नाही, तू भिऊन थांबायलास," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंडित, भिऊन श्वास कसा घेतात, ते मला दाखव."

या विषयात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी धापा टाकल्या, त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून तशाच टाकल्या. आयुष्यभर मुलांची भीती घालवणाऱ्या माणसाला मी भ्यायला शिकवत होतो. पोराने चौथ्यांदा परीक्षा घेतली, आणि बुडबुडे आले. पण त्याने अट घातली, की खाली मी त्यांच्या समोर राहायचं.

खाली उतरताना पोराने आम्हा दोघांना दोन हातांनी धरलं होतं. उस्तादांचे डोळे सगळीकडे फिरत होते. मधेच ते विसरत, बुडबुडे थांबत, आणि मी छाती बडवून दाखवी. मग पुन्हा सुरू होत. वर आल्यावर त्यांनी तोंडातली नळी काढली. मग सुनंदाला एवढंच म्हणाले, पंडिताने शिकवलं.

गेल्या महिन्यात उस्ताद गेले. तेराव्याला सुनंदाने मला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी बाबांनी खाली काय पाहिलं? त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. समुद्राखालच्या जिवांवर आमच्या वाचनालयात तीन पुस्तकं आहेत. त्यांतले दोन-चार मासे मला सहज सांगता आले असते. मी तिला खरं ते सांगितलं: मला माहीत नाही. मी बुडबुडेच बघत होतो.