लिफ्ट असलेला किल्ला

मुलीने हौसेने जपानला नेलं आणि मी तिथं दिवसभर फोनकडे बघत बसलो. इकडे गोंदिया जिल्ह्यात, आमच्या गावच्या तलावाची पार, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, पावसाळ्यात फुटली होती. अर्धं गाव म्हणत होतं, पार पुन्हा बांधू. अर्धं म्हणत होतं, आता तळातच धान लावू. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला, म्हणून त्याच्या कामात आधी आमच्या घराला विचारायची रीत आहे. थोरल्या भावाने मला विचारलं होतं. पार बांधायची तर सगळी उस्तवार त्याच्याच माथी. मी गोंदिया शहरात राहणारा. काय सांगावं ते सुचेना, जीव टांगणीला लागला होता.

मुलीने दाखवायला नेलेला किल्ला लांबून झकास दिसला. आत शिरलो तर लिफ्ट! माझं डोकंच फिरलं. मुलीने पाटी वाचून सांगितलं, की मूळचा किल्ला जळाला, पुन्हा बांधला तो युद्धात बॉम्बखाली गेला, मग शहरातल्या लोकांनी हा सिमेंटचा उभा केला. पायाचे दगड तेवढे जुने.

"म्हणजे नकली," मी म्हणालो.

"लोकांना हवा होता, म्हणून बांधला. तुम्हाला काऊन एवढा राग येऊन राहिला, बाबा?"

मला वर थांबवेना. खाली येऊन खंदकाच्या काठाने चालत सुटलो. एवढं पाणी आहे म्हटल्यावर तुडुम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दार, कुठंतरी असणारच. सापडेना. शेवटी मुलीला म्हटलं, त्या पहारेकऱ्याला विचार, हे पाणी कोणाच्या धानाला जातं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने विचारलं. त्याने दोनदा ऐकून घेतलं आणि वाकून सांगितलं, कोणाच्याच नाही. शत्रू आत येऊ नये म्हणून खंदक होता.

एवढं पाणी नुसतं बसून, आणि आमच्या धानाला पाणी देणारा तलाव मात्र कोरडा! मला ते सहनच होईना. तिथंच उभ्या उभ्या भावाला फोन लावला.

"पार बांधू," मी म्हणालो. "मी येतो. पावसाळ्याआधी येतो. मी बी माती टाकतो."

त्याच्या मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"तळात नांगर चालून राहिला," तो म्हणाला. "परवापासून."

"मग मले कायले विचारलं?"

"रीत आहे ना, बाबू. तुले न विचारता कसं करायचं?"