तांबे सिस्टरांची पाडव्याची ड्युटी

नर्सला चहा कधी गरम प्यायला मिळत नाही, किस्से मात्र गरमागरम मिळतात! बेल वाजली की कप खाली, परत आलं की किस्सा पुढे. आमच्या ड्युटी रूममध्ये इतके साठलेत की कपाटात ठेवायचे म्हटले तर औषधांना जागा उरणार नाही. त्यातले हे सगळे तांबे सिस्टरांचे. सांगताना अजून हसू येतं. नंतर काय होतं ते विचारू नका.

तांबे सिस्टर मला आणि सुर्वेला सीनियर. गाव पालीजवळ. दर दिवाळी पाडव्याला संध्याकाळी रत्नागिरीत मोठ्या पटांगणावर गाण्याचा कार्यक्रम असतो. तिघींपैकी एकीला तरी वॉर्डात थांबणं भाग. पहिल्याच वर्षी त्यांनी निकाल लावला.

"जावा गो दोघी. दिवाळी तुमची. बुद्धपौर्णिमेला मला सोडा, म्हणजे झालं!"

पण गंमत बघा, गाण्याचं खरं वेड त्यांनाच. मला अजून भूप आणि यमन वेगळे ओळखता येत नाहीत, आणि सुर्वे तर साड्या बघायला यायची. मग आम्ही युक्ती काढली. कार्यक्रम सुरू झाला की त्यांना फोन लावायचा आणि आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर ठेवून द्यायचा. तिकडे त्या युनिफॉर्मच्या खिशात फोन चालू ठेवून वॉर्डभर फिरायच्या.

*

त्याच वर्षी डॉक्टर राउंडला आले. एका आजोबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दचकलेच.

"सिस्टर, यांच्या छातीत हार्मोनियम वाजतेय!"

खिशातला फोन बंद करायचं सोडून तांबे सिस्टर म्हणतात, "वाजतेय तवर बरं हाय, सर. थांबली की बोलवते तुमाला!"

आजोबा आधी हसले. मग डॉक्टर हसले. आजोबा पुढच्या आठवड्यात चालत घरी गेले.

*

एका वर्षी सुर्वेच्या हातून आमच्याकडचा स्पीकर चालू राहिला. गायक डोळे मिटून आलाप घेत होते, हात वर गेलेला, पटांगण चिडीचूप. आणि आमच्या खुर्चीतून गर्जना झाली,

"सात नंबर! हात खाली घ्या! सलाईन ओढलंत तर बांधून ठेवीन!"

गायकांनी हात खाली घेतला!

आम्ही पदरात तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तांबे सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सात नंबरनं नाय ऐकलं. त्यांनी तरी ऐकलं ना!" तेव्हापासून त्या आपल्या बाजूचा आवाज बंद ठेवायला शिकल्या.

*

त्यांना एकदा तरी समोर बसून गाणं ऐकवायचंच, असा एका वर्षी आम्ही हट्ट धरला. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला गळ घालून त्यांची ड्युटी दिली. तांबे सिस्टर आल्या. मोरपंखी साडी, अबोलीचा गजरा, अर्धा तास आधीच खुर्चीत. तबलजी हातोडीने तबला लावत होते. शेवटचा ठोका पडला आणि आभाळ फुटलं! कोकणातला अवकाळी तो, पाडवा थोडाच बघतो. मंडप एका बाजूने बसला, कार्यक्रम रद्द. एका दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही तिघी निथळत उभ्या. मला तर रडूच आलं.

त्या पदर पिळत म्हणाल्या, "तबला पण काय सुरात लागला होता गो!"

उभ्या जन्मात त्यांनी समोर बसून ऐकलं ते एवढंच. पुढच्या वर्षी नक्की जाऊ, असं आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी आम्ही दोघी गेलो, त्या ड्युटीवर. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्या 'जावा' म्हणायच्या आणि आम्ही जायचो. लाज वाटते आता सांगताना.

*

यंदा पावसाळ्यात त्यांचं दुखणं बाहेर पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणारी बाई, स्वतःचं पोट दुखतंय हे वर्षभर बोलली नाही. मुंबईला नेऊन आणलं. तिथल्या डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. तांबे सिस्टर म्हणाल्या, "मग आपल्या वॉर्डातच ठेवा मला."

शीतल नावाची नवी सिस्टर त्यांची शीर शोधत होती. शोधता शोधता घामाघूम झाली. तांबे सिस्टरांनी दुसऱ्या हाताने जागा दाखवली. "हितं बघ. घाबरतेस कशाला? मी काय ओरडणार हाय?" सुई लागली. शीतलचा श्वास सुटला.

"दहापैकी सहा," तांबे सिस्टर म्हणाल्या. "उद्या सात देईन."

सात मिळाले त्या दिवशी पोरगी ड्युटी रूममध्ये येऊन हमसून हमसून रडली.

*

पाडव्याला आम्ही दोघींनी ठरवलं होतं की यंदा जायचं नाही. तर त्या उशीवरूनच भडकल्या.

"जावा मुकाट! मी हाय ना वॉर्डात?"

सुर्वे म्हणाली, "सिस्टर, तुम्ही ॲडमिट आहात!"

"ॲडमिट आसले तरी हाय ना!"

गेलो. सुर्वेने पहिल्यांदाच साड्या बघितल्या नाहीत. साडेसहाला फोन लावला. "लागला गो, आता गप बसा," एवढं बोलून त्यांनी आपल्या बाजूचा आवाज बंद केला. गाणं छान झालं असावं, लोक वाहवा करत होते. मी फोनकडेच बघत होते. भैरवी झाली, टाळ्या थांबल्या, तेव्हा मी फोन कानाला लावला.

"सिस्टर, ऐकलंत काय?"

तिकडून बटण दाबलं गेलं आणि आवाज आला. शीतलचा.

"मॅडम... सिस्टर सव्वासातला गेल्या. लेक जवळ होती."

घड्याळात नऊ वाजायला आले होते. मी ओरडलेच, "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी दुपारीच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, मॅडम. म्हणाल्या, कायबी झालं तरी गाणं संपल्याबिगर दोघींना उठवू नको. वर्षातून एकदाच जातात बिचाऱ्या."