आईबद्दल अभिनंदन

निंके माझी भाची. आज मालवाहू बोटीचं इंजिन सांभाळते, आवाज असा की कालव्याच्या पलीकडे ऐकू जावा. पण बारा वर्षांची असताना तिच्या आईला मेंदूज्वर झाला, आणि पोरीनं घरात बोलणं जवळजवळ टाकलंच.

आई म्हणजे माझी वहिनी, बाउक्ये. गावच्या बेकरीत कामाला होती. मार्चमध्ये साधा ताप म्हणून आडवी झाली, ती एकोणीस दिवस शुद्धीवर नव्हती. उठली ती दुसरीच कुणीतरी. चालायची, खायची, नवऱ्याला ओळखायची, पण जिभेला लगाम म्हणून उरला नाही. पाद्रीबाबांना तोंडावर म्हणाली, "तुमचं प्रवचन म्हणजे झोपेची गोळी!" आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, खरंच होतं ते. पण पोटच्या पोरीला ती ओळखेना. निंके शाळेतून आली की विचारायची, "काय गं, रोज इथंच येतेस? घरी जा, आई वाट बघत असेल."

माझा भाऊ वीबे देवमाणूस, पण महाहट्टी. "पुढच्या वाढदिवसापर्यंत आई ओळखेल बघ तुला," असं दरवर्षी पोरीला सांगायचा, आणि ती खुळी वर्षभर त्याच आशेवर काढायची. बाउक्येच्या वाढदिवसाला तो बैठकीत खुर्च्या गोल मांडायचा. पहिल्या वर्षी चौदा, मग नऊ, मग पाच. लोकांना तरी काय बोलायचं? वहिनीनं भर बैठकीत एकीच्या नवऱ्याची लफडी मोजून दाखवली होती!

आजाराला सात वर्षं झाली तेव्हा निंकेला बोटीवरचं काम शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश मिळाला. बाप अडून बसला. "आई ओळखू दे, मग जा." बाउक्येच्या वाढदिवसाआधी दोन दिवस दोघांचं भांडण चाललं होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरातल्या प्रत्येकाचं करायचं असतं. त्या दिवशीही मी आपली नेहमीसारखी हात मिळवत फिरले आणि निंकेलाही म्हणाले, "आईबद्दल अभिनंदन गं!" सवयीनं बोलून गेले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तिनं माझा हात झटकला. "कसलं अभिनंदन, आत्या? माझी आई कधीच मेली. तुम्ही कुणी कबूल का करत नाही?"

"निंके!" वीबे ओरडला. "ती ऐकतेय!"

ऐकत होतीच. केकची बशी बाजूला ठेवून बाउक्ये उठली. मला वाटलं, झालं, आता काहीतरी फेकणार. पण ती निंकेपुढे जाऊन उभी राहिली आणि मयताच्या घरी धरतात तसा तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं गं बाळ. मला कुणी बोललंच नाही. कधी गेली?"

निंके तिच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "सात वर्षं झाली."

"अगं बाई! म्हणजे केवढीशी होतीस तू! मग तुझं कोण करतं?"

"माझं मीच."

"ये इकडे," म्हणत बाउक्येनं तिला जवळ ओढलं. पोरगी आईच्या खांद्यावर अशी रडली की मला बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कप विसळत बसले. वीबेही मागोमाग आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पुढच्या वाढदिवसाचं नाव त्यानं परत काढलं नाही. सप्टेंबरात निंकेची बॅग स्वतः गाडीत टाकून तिला शाळेत सोडून आला.

त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. निंके कुठंही असो, वाढदिवसाला येतेच. बाउक्ये सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरते, पण आई गेलेली ती पोर तिच्या पक्की लक्षात आहे. दारातच विचारते, "आईची आठवण येते का गं अजून?"

"येते."

"येणारच. चांगली होती का?"

निंके कोट काढता काढता म्हणते, "फार चांगली होती."

"मग मला एकदा भेटायला हवी होती," बाउक्ये म्हणते.