वर्षभराची घाई

शाळेतल्या मावशीला घाई फार. घंटा मिनिटभर आधीच द्यायची, चहा धड उकळण्याआधीच गाळायचा. मुख्याध्यापक म्हणत, "मावशी, तुम्ही जन्मालासुद्धा आधीच आला असाल." ती पदर तोंडाला लावून हसायची.

याच घाईत तिनं मुलीला शाळेत घातलं. नवरा गेलेला, पोर सांभाळायला घरात कोणी नाही, आणि नोकरी शाळेतच. मग तिनं मुलीचं वय सरळ एक वर्ष वाढवून सांगितलं. पोर कुठे बोलून जाईल म्हणून तिलाही तेच वय पढवलं. चालून गेलं, म्हणून मावशी खूश! पुढे मुलगी वर्गात कायम मागे. पाढे आठवेनात, वाचताना अडखळे. शाळेत सगळे तिला मठ्ठ म्हणत, आणि घरी मावशी तिला बडवून काढी. सातवीत दोनदा नापास होऊन ती घरी बसली. आता लाँड्रीत चादरींना इस्त्री करते.

परवा शाळेत एक संशोधक बाई आल्या. निरनिराळ्या देशांतल्या चौथीच्या मुलांना एकच पेपर देऊन त्या ताडून पाहत होत्या. मावशी चहा घेऊन गेली, तेव्हा त्या मुख्याध्यापकांना सांगत होत्या, "काही देशांत मूल सात वर्षांचं झाल्यावरच पहिलीत जातं. वर्गातली सगळ्यात लहान मुलं बरेचदा मागे पडलेली दिसतात. ती ढ नसतात हो, लहान असतात."

मावशी कपबशा टेबलावर ठेवून तिथेच थांबली. "आणि बाई, वर्षभर आधीच घातलं तर?"

"तर ते बिचारं नुसतं धावत राहतं. का ते त्यालाही कळत नाही."

त्या दिवशी सुट्टीची घंटा उशिरा झाली.

संध्याकाळी ती लाँड्रीत गेली आणि मुलीला सगळं सांगून मोकळी झाली. "तू मठ्ठ नव्हतीस गं. लहान होतीस." तिला वाटलं, हे ऐकून पोरीच्या मनावरचं ओझं उतरेल.

मुलीनं इस्त्री उभी करून ठेवली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण आई, तुला तर माहीत होतं ना? मारताना?"

मावशीला रडू फुटलं. मुलीनं पुढची चादर ओढली आणि घडी घालायला तिची दोन टोकं आईच्या हातात दिली.